नग एक, नग दोन

मुलांची टेस्ट आपण स्वतः समोर उभं राहून करून घ्यायची, असं निरीक्षकांनी गुरुवारी सकाळी दाढी करताना ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. त्यांनी नुसती दाढी केली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

निरीक्षक वजनमाप खात्यात होते. भाजीवाल्याच्या तागडीपासून विमानतळावरच्या सामानाच्या काट्यापर्यंत शहरात जे जे म्हणून वजन-माप करतं, ते वर्षातून एकदा त्यांच्या हाताखालून जायचं आणि मग त्यावर त्यांच्या सहीचा स्टिकर लागायचा. बावीस वर्षं हेच केल्यामुळे माणूस समोर आला की हा किती मारतोय, एवढंच त्यांना दिसायचं. दूधवाला, इस्त्रीवाला, मुलांच्या वर्गशिक्षिका, सख्खा भाऊ, यातून कुणीही सुटलं नव्हतं. (भावाने एकदा उंची पाच फूट आठ इंच सांगितली, तर यांनी खिशातून टेप काढली. भाऊ अजून नीट बोलत नाही.)

आता प्रश्न परदेशप्रवासाचा होता. निरीक्षकांच्या सासूबाई त्यांच्या मुलाकडे, परदेशात राहायच्या. मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. साथीमुळे विमानं बंद होती, म्हणून लेकीला, म्हणजे निरीक्षकांच्या बायकोला, हे सगळं फोनच्या स्क्रीनवर बघावं लागलं. दोनदा तिकिटं काढली, दोनदा रद्द झाली. आता तिसऱ्यांदा मिळाली होती, रविवारी सकाळी अकराची.

"आई काठी घेऊन चालायला लागलीय," बायको म्हणाली होती. "मला ते समोर बसून बघायचंय. या वेळी काही अडलं ना, तर मी परत तिकीट काढणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही आता."

अडण्यासारखं एकच होतं. नवराबायकोचे दोन्ही डोस झालेले. पण लेक पंधराची, धाकटा तेराचा, आणि त्यांच्या वयाला अजून लसच आलेली नव्हती. जिकडे जायचं तिकडचा नियम असा, की लस घेतलेल्याने नुसतं सर्टिफिकेट दाखवायचं. न घेतलेला कुणी बाराच्या वरचा असेल, तर विमान सुटण्याआधी बहात्तर तासांच्या आतल्या टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा. रिपोर्ट नाही तर विमान नाही.

"मी नेते ना दोघांना लॅबमध्ये," बायको म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांतच घोटाळे होतात," निरीक्षक गाल फुगवून वस्तरा फिरवत म्हणाले. "एका ट्रेमध्ये पन्नास नळ्या. कुणाची कुणाच्या नावावर गेली, कळणार कुणाला? मी स्वतः येतो."

आणि ते आले. बरोबर ऑफिसची कातडी बॅग होती. बॅगेत लाखेची कांडी, मेणबत्ती आणि खात्याचा पितळी ठसा.

लॅबवाल्या बाई नखशिखान्त निळ्या प्लास्टिकमध्ये होत्या. त्यांनी लेकीच्या नाकात काडी घातली, मग धाकट्याच्या. धाकटा असा ओरडला की बाहेरच्या बाकावरचे दोघं उठून घरी गेले. नळ्या बंद करून बाई लेबल लिहायला लागल्या, तेव्हा निरीक्षक पुढे सरसावले.

"थांबा. नमुना ताब्यात घेण्याची एक पद्धत असते. लेबल मी लिहितो."

"अहो सर, नुसतं नाव तर टाकायचंय."

"नुसतं नाव, नुसतं नाव म्हणूनच तर सगळी बोंब आहे."

त्यांच्या खात्यात नमुना सील करायचा तर वर अधिकाऱ्याचं नाव, वय, हुद्दा, सही, तारीख, वेळ, आणि खाली लहान अक्षरांत नगाचा क्रमांक, असा शिरस्ता होता. बावीस वर्षांत हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. त्यांनी दोन्ही लेबलं कोरीव अक्षरांत भरली, मेणबत्ती पेटवली, झाकणावर लाख गाळली आणि पितळी ठसा दाबला. मागे रांगेतलं एक बाळ रडायचं थांबून बघायला लागलं. बाईंनी लेबलांकडे पाहिलं, निरीक्षकांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मागे सतरा माणसं उभी होती. त्यांनी नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या.

शुक्रवारी संध्याकाळी निरीक्षक रिपोर्ट आणायला गेले. तिथेही त्यांनी पाकीट आपल्यासमोर बंद करवून घेतलं आणि त्यावर लाख ओतली.

"अहो, बघा तरी काय आलंय," घरी बायको म्हणाली.

"निगेटिव्ह असल्याचं त्यांनी तोंडी सांगितलंय. पाकीट विमानतळाच्या काउंटरवर फुटेल, साक्षीदारासमोर. उद्या कुणी म्हणायला नको की मधे फेरफार झाला."

बायको सरळ भाजी चिरायला निघून गेली. ही बाई वाद घालत नाही, म्हणजे काय? निरीक्षकांच्या मनात पाल चुकचुकली.

आणि मग एकदा चुकचुकली ती थांबेचना. जेवताना बायकोला फोन आला. ती उठून गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं. निरीक्षक पाणी प्यायच्या निमित्ताने दारापाशी गेले. (पाण्याचा माठ दुसऱ्या टोकाला होता.) "नाही, त्यांना नका सांगू," एवढं ऐकू आलं. नंतर स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबुज. निरीक्षक आत शिरले की कुजबुज बंद, आणि लेक एकदम म्हणाली, "बाबा, तुमचा शर्ट छान आहे." पंधरा वर्षांत या मुलीने बापाच्या कपड्यांबद्दल चांगला शब्द काढला नव्हता.

शनिवारी सकाळी साडेसहाला ते जागे झाले, तर घर रिकामं. सातला तिघं परत आली.

"कुठे गेला होतात?"

"फिरायला," बायको म्हणाली.

"हा? फिरायला?" निरीक्षकांनी धाकट्याकडे बोट दाखवलं. हा मुलगा शाळेची बस सोडून कशासाठीच आठच्या आत उठल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. त्याचं नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी. निरीक्षक बघतात तोवर तो सटासट तीनदा शिंकला.

निरीक्षकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलं आजारी आहेत! मायलेकींना ठाऊक आहे! आईला भेटायच्या ओढीने बायको लपवतेय, आणि पहाटे उठून गुपचूप डॉक्टरकडे नेऊन आणतेय!

त्या दिवशी त्यांनी घरात जो तपास चालवला, तसा त्यांनी कुठल्या रॉकेलवाल्याकडेही केला नव्हता. कचऱ्याच्या डब्यातले टिश्यू मोजले. तिघांच्या चपलांचे तळ बघितले. दर तासाला धाकट्याच्या काखेत थर्मामीटर. एका थर्मामीटरवर विश्वास नाही, म्हणून तीन. दुपारी त्यांनी दोघांना सोफ्यावर बसवून डोळे मिटायला लावले आणि नाकाशी साबणाची वडी धरली.

"कसला वास येतोय?"

"साबणाचा," लेक म्हणाली.

"आता?"

"बाबा, हा पण साबणच आहे. तुम्ही दुसऱ्या हातात घेतलात फक्त."

"ताई बरोबर बोलतेय," धाकटा डोळे मिटून म्हणाला. "आणि तुमच्या हाताला लाखेचा वास येतोय."

वास तर येत होता. मग ताप कुठे मुरवून ठेवलाय? बॅगा भरताना निरीक्षक बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. ती दर पाच मिनिटांनी फोन उघडत होती, मिटत होती. संध्याकाळी फोनवर मेसेज वाजला, तिने वाचला आणि एकदम खुर्चीत बसली. डोळ्यांना पदर लावला.

"काय झालं?"

"काही नाही. आई."

पुढे विचारायची हिंमत झाली नाही. भांडण काढून ही बाई रडली, तर उद्याचा प्रवास गेलाच. आणि न काढावं तर आजारी पोरं विमानात बसणार, म्हातारीला भेटणार. निरीक्षकांना जेवण गेलं नाही. त्यांनी मोठी बॅग ऑफिसच्या काट्याला लटकवून पाचदा वजन केली. पाचही वेळा बावीस किलो नऊशे. या घरात खरं बोलणारा तेवढा एक काटाच उरला होता.

रविवारी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळले. "तुम्हा दोघांची सर्टिफिकेटं ठीक आहेत. मुलांचे रिपोर्ट?"

निरीक्षकांनी पाकीट उंच धरलं. रांगेत मागे मानेला उशी अडकवलेले एक गृहस्थ अर्धवट झोपेत उभे होते. "अहो, जरा इकडे या. पंच म्हणून. सील शाबूत आहे?"

"आहे," गृहस्थ घाबरून म्हणाले.

सील फुटलं. मुलीने पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, परत पहिला वाचला.

"सर, हे तुमचे आहेत."

"अर्थात. माझ्या मुलांचे."

"नाही, तुमचे. नाव तुमचं, वय सत्तेचाळीस, लिंग पुरुष. शेरा, नग एक. आणि हा दुसरा, नाव तुमचं, नग दोन. दोन्ही निगेटिव्ह. पण सर, तुमची लस झालीय. तुम्हाला टेस्ट लागतच नव्हती."

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. ती कोरीव अक्षरं, तो शिरस्ता, खालची बारीक 'नग एक, नग दोन', सगळं डोळ्यांपुढून सरकलं. घड्याळात आठ पंचवीस. त्यांनी बायकोकडे बघितलं, म्हणजे बघायचा प्रयत्न केला.

बायकोने पर्समधून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे घ्या. कालचे. दुसऱ्या लॅबचे."

मुलीने वाचलं. मुलांची नावं, मुलांची वयं, निगेटिव्ह. "एकदम बरोबर," ती म्हणाली.

"म्हणजे काल सकाळी..."

"शुक्रवारी लॅबवाल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ताई, तुमच्या मिस्टरांना दोनदा कशाला टेस्ट करायची होती? लेबलवर असेल तेच नाव रिपोर्टवर येणार. बदलायचं तर सही करणाऱ्याने लेखी अर्ज करायचा. मी म्हटलं, त्यांना नका सांगू. तुम्ही लॅबला सील ठोकायला गेला असतात आणि शनिवार तिथेच संपला असता. काल संध्याकाळी रिपोर्टचा मेसेज आला, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले."

"आणि परत नाकात काडी घातली माझ्या!" धाकटा म्हणाला. "दिवसभर शिंकतोय मी."

"तुझा माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" निरीक्षकांनी बायकोला विचारलं.

"होता की. लेबलाचं ऐकेपर्यंत."

तिने फोल्डर परत घेतलं आणि दोन्ही कागद आत आहेत ना, ते पुन्हा मोजलं. ते बघून निरीक्षकांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. दोन दिवस ही बाई एकटी हे सगळं निस्तरत होती आणि आपण तिच्या चपला तपासत होतो. "चुकलं माझं," ते पुटपुटले. हे वाक्य त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटल्यामुळे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

"बॅग ठेवा सर," मुलगी म्हणाली.

चला, इथे तरी आपला हात कुणी धरणार नाही. निरीक्षकांनी बॅग पट्ट्यावर ठेवली. आकडे पळाले आणि थांबले. सव्वीस किलो शंभर.

"मर्यादा तेवीसची आहे, तीन किलो तरी काढावे लागतील, सर."

निरीक्षकांना एकदम हुरूप आला. "ताई, बॅग बावीस नऊशे आहे. मी स्वतः पाचदा मोजलीय. तुमचा काटा खोटा आहे! तीन किलो दोनशे मारतोय! हा वापरायची परवानगी दिली कुणी? स्टिकर कुठाय?" उशीवाले गृहस्थ पुन्हा पंच व्हायला नको म्हणून दोन पावलं मागे गेले.

"बाजूला आहे, सर."

निरीक्षक गुडघ्यांवर बसले. स्टिकर होता. यंदाचाच होता. खाली सही होती, आणि ती सही ते जगात कुठेही ओळखू शकले असते.

आठवलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत एसी होता, मॅनेजरने गार कॉफी पाठवली होती. चौतीस काटे त्यांनी सोफ्यावर बसूनच पास केले होते. स्टिकर शिपायाने लावले.

काटा खरा म्हणावा, तर घरचं पाच वेळचं वजन चुकलं. खोटा म्हणावा, तर खाली सही. निरीक्षक गुडघे झटकत उठले.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी बॅग उघडली. दोन स्वेटर अंगावर चढवले, वरून कोट, गळ्याला मफलर. तीन थर्मामीटर आणि नियमांच्या झेरॉक्सचे गठ्ठे खिशांत कोंबले. बावीस किलो नऊशे झाली. घामाने निथळत ते बायकोमुलांमागे पुढच्या दाराशी गेले. तिथला सुरक्षारक्षक एकेकाच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखत होता. बायको गेली. लेक गेली. धाकटा शिंकला आणि तोही गेला.

निरीक्षकांच्या कपाळाशी यंत्र किंचाळलं.

"शंभर पॉइंट नऊ. बाजूला बसा, सर."

"अहो, ते स्वेटर आहेत!"

"ताप आलेले सगळेच काहीतरी सांगतात. स्वेटर काढा, दहा मिनिटं बसा, परत बघू."

"बाबा, साबण आणू का हुंगायला?" धाकट्याने पलीकडून विचारलं.

"आम्ही पुढे होतो," बायको म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती हसत होती. "आईला फोन करते. सांगते, जावई तपासणीत आहेत."

निरीक्षक बाकावर बसले. "अहो, तुमचं यंत्र तरी तपासलेलं आहे का?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"म्हणजे काय! वजनमाप खात्याचा स्टिकर आहे मागे. बघायचाय?" रक्षकाने यंत्र उलटं करून त्यांच्यापुढे धरलं.

"नको, नको," निरीक्षक घाईघाईने मान फिरवत म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे माझा."