फियाटच्या ब्रेकला शेणाचा लेप

बाळांनो, जरा डोळे मिटा. कोऱ्हाळ्यातलं एक अंगण, अंगणात पांढरी फियाट आणि फियाटखालून बाहेर आलेले दोन पाय. दिसले? ते पाय सावळारामचे. गाडीचे ब्रेकपाइप गंजले होते. बारामतीचा मिस्त्री आठवडा लावणार होता आणि सावळारामच्या लेकीला, रेश्माला तर आजच पळसदेवला जायचं होतं. धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलं होतं, मामानं होडी सांगून ठेवली होती.

"सगळ्या उसाला पायपलाइन म्या टाकली. ह्यो तर करंगळीएवढा पाइप!" सावळाराम खालूनच म्हणाला.

पाइप बसले, तेल भरलं. सावळारामनं ब्रेक दाबला, तर लोण्यात रुतावा तसा पाय तळाला गेला.

"सांधा हवा ओढतोय," शेजारचे गेणबा म्हणाले.

विहिरीवरच्या मोटारीचा सांधा हवा ओढायला लागला, की त्यावर शेण थापायचं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. सावळारामनं चारी चाकांपाशी शेण थापलं. तो आत बसला आणि गेणबांनी गाडी ढकलली. गाडी थांबली खरी, पण कडब्याच्या गंजीत शिरून. म्हशीनं बॉनेटवरचा कडबा खायला घेतला.

"अवो, सारवायचंच हुतं, तर माझं अंगण काय वाईट हुतं?" रेश्माची आई मुक्ताबाई दारातून म्हणाल्या. "वाटंसाठी बांधल्याला डबा सोडू का आता?"

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती गाडीत शिरून हातानं ब्रेक दाबत राहिली.

"आबा, भराभर दाबलं की कडक हुतंय, मग परत मऊ. मळ्यातल्या लाइनीत हवा अडकल्यागत! शेणानं भायेरची हवा थांबंल, आतली कशी निघायची?"

सावळाराम परत गाडीखाली शिरला. मळ्यात हवा काढायला तो व्हॉल्व्ह ढिला करायचा. इथंही प्रत्येक चाकामागं एक बारीक तोटी होती. तिच्याकडं त्यानं पाहिलंच नव्हतं.

शेण धुतलं गेलं. रेश्मा ब्रेक दाबून ओरडे, "दाबला!" सावळाराम तोटी ढिली करी, तेलातून बुडबुडे फसफसत, तोटी आवळून तो म्हणे, "सोड!" गेणबा वरून तेल ओतत. चारी चाकं झाली आणि ब्रेक दगडासारखा कडक!

रेश्मानं अंगणात रांगोळीची रेघ मारली. "हितं थांबवा." गाडी आली आणि बरोबर रेघेवर थांबली.

"हाय का न्हाय?" सावळारामनं मिशीवर हात फिरवला.

"सावळारामराव, आमच्या टेम्पोचं पण बघा की," गेणबा म्हणाले.

सावळाराम छाती फुगवून बोलणार, तोच रेश्मा गेणबांना म्हणाली, "उद्या आणा तात्या, आमी दोघं बघू." तिनं आबांना ओढत स्टिअरिंगपाशी बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि आई डबा घेऊन येईपर्यंत हॉर्नवरचा हात काही काढला नाही.