ओळीअखेरच्या दोन मोकळ्या जागांची बखर

श्री. जे दिसते त्या अक्षरास नमन, आणि जी दिसत नाही तरी ओळ तोडते त्या मोकळ्या जागेस दोन वेळा नमन. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, चैत्रमास. आमचे थोरले सुनेस जुळे जाहले तेच हे साल. बारशाची पत्रिका आम्ही आपले हाताने लिहिली, वय वर्षे बावन्न, अक्षर शिकून सहा महिने, म्हणून सालाविषयी कोणी वाद घालू नये. ते समयी जो प्रसंग गुदरला तो पाहिला, ऐकिला, तैसा लिहिला आहे.

राज्य म्हणजे वेबपानांचे. पूर्वी त्या राज्यात पान उभे करावयाचे तर कोनकंसांची भाषा यावी लागे. शब्दापुढे कंस, शब्दामागे कंस, आणि एक विसरला की सारे पान आडवे. रयतेस ते साधेना. मग सगुणाबाई हिंगमिरे, गणिताच्या मास्तरीण, यांनी उलगडा नावाची लायब्ररी सिद्ध केली, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, जो कोणीही आपल्या कामास जोडावा, आणि ती राज्यास फुकट दिली. तिची रीत ऐसी की रयतेने साधे लिहावे; ओळीच्या आरंभी हॅशची खूण केली तर उलगडा त्या ओळीचा मथळा करी, शब्दाच्या दोहों अंगांस चांदण्या दिल्या तर शब्द ठळक करी, आणि एन्टर दाबून कितीही ओळी लिहिल्या तरी त्या जोडून एक परिच्छेद करी. ओळ तोडूनच हवी असेल तर तिच्या अखेरीस दोन मोकळ्या जागा सोडाव्या. त्या कोणास दिसत नसत. उलगड्यास मात्र दिसत. ऐशी दहा वर्षे गेली.

आमच्या पाटाचे पाटकरी गेनूजी ठोंबरे, म्हणजे पाटाचे पाणी कोणाच्या शेतास केव्हा सोडावे ते पाहणारे, यांनी पाण्याच्या पाळ्या याच रीतीने पानावर लिहिल्या होत्या. एका ओळीत एक घर, घरापुढे वेळ, वेळेपुढे दोन मोकळ्या जागा, ऐशी सत्तेचाळीस घरे. हे पान मोठ्या दरबारी होते. मोठा दरबार म्हणजे एक बलाढ्य कंपनी, राज्यातील नऊ लक्ष पाने तिच्या पदरी, आणि सर्व उलगड्यावर चालत. तिचे सरदार निरंजनराव दिघवेकर टापटिपीचे मोठे भोक्ते. त्यांनी आज्ञा केली की ओळींच्या अखेरीस जो रिकामा कचरा आहे तो झाडून टाकावा, आणि एके दिवशी नऊ लक्ष पानांवरून झाडू फिरला, आणि सत्तेचाळीस घरे एका परिच्छेदात कोंबली गेली. फोनाचा पडदा अरुंद; वाघमोड्यांची सहा ते नऊ ही वेळ शिंगाड्यांच्या नावाशेजारी जाऊन बसली. मग सकाळी सहा वाजता दोघेही फावडी घेऊन पाटाच्या तोंडाशी उभे. शिंगाडे म्हणाले, "माझं नाव सहापाशी आहे, फोन बघ." वाघमोडे म्हणाले, "फोन बघून पाणी धरतोस, तर कांदाबी फोनातच लाव की!" फावडे उगारले गेले, आणि गावसभेने गेनूजींस बजाविले की पुढल्या पाळीपर्यंत आठ दिवस आहेत, पान नीट करा, नाही तर पाटकरीपण सोडा.

गेनूजी एस.टी.ने सगुणाबाईंचे घरी दाखल जाहले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्रानं गावात डोकी फुटायची वेळ आणली." बाईंनी पान पाहिले आणि म्हणाल्या, "यंत्र माझं, पण शेवटच्या जागा कोणी खाल्ल्या? बसा, चहा घ्या. आता मी भांडते." मग त्यांनी दरबारास खरमरीत पत्र धाडिले, आणि बाईंची कीर्ती थोर, म्हणून निरंजनराव स्वतः मोटारीने चालून आले.

"मॅडम," सरदार म्हणाले, "डोळ्यांना दिसत नाही त्याला अर्थ कशाला हवा? नियमच काढून टाका. एन्टर मारला की ओळ तुटली, संपलं."

"आणि दहा वर्षं एन्टर मारत ज्यांनी परिच्छेद लिहिले, त्यांच्या पानांच्या चिंध्या करू?"

"लोक सुधारून घेतील."

"कोण? जे लिहून ठेवून मेले ते?"

"नियम वाईट आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

"वाईटच आहे. आज करायचा असता तर केला नसता. पण केला, लोकांना सांगितला, आणि लोकांनी माझ्या शब्दावर लिहिलं. आता तो माझा राहिला नाही."

मग सरदार संतापून म्हणाले, "मग आम्ही गादी वेगळी करतो. तुमची आज्ञावली उचलून आमची लायब्ररी काढतो."

"काढा की. नक्कल करायची मोकळीक मीच सगळ्यांना लेखी दिली आहे. फक्त नाव उलगडा ठेवू नका, तेवढं माझं आहे."

ऐशी गादी दुभंगली. काही महिन्यांनी दरबाराने आपली लायब्ररी काढून तीस प्रकाश नाव दिले; झाडूने चिकटलेल्या ओळी तिने सुटल्या, पण एन्टर मारीत लिहिलेले जुने परिच्छेद एन्टरागणिक फाटले. पोथ्या, पाककृती, शाळांच्या सूचना, सर्वांचे तुकडे. तरी निम्मी रयत दरबारीच राहिली, हे लपवू नये. गेनूजींस मात्र आठच दिवस, आणि दरबारी झाडू पुन्हा फिरेल ही धास्ती, म्हणून बाईंनी त्याच आठवड्यात पाटसमितीच्या जुन्या संगणकावर उलगडा बसवून दिला होता, आणि गेनूजींनी चष्मा लावून प्रत्येक ओळीअखेर स्पेसची कळ दोनदा दाबली, सत्तेचाळीस ओळी, चौऱ्याण्णव टिचक्या, एकही मोजल्यावाचून सोडली नाही. आठव्या दिवशी वाघमोडे सहास आले आणि शिंगाडे नऊस आले, आणि येऊन म्हणाले, "गेनूभाऊ, एवढ्यासाठी तालुक्यापल्याड जाऊन आलास होय?" गेनूजी म्हणाले, "गप पाणी धर."

पुढे तीन वर्षांनी बाईंस दम्याने घेरिले. हे कळताच दरबारातून पत्र आले की उलगडा हे नाव आता लिहून द्यावे, आम्ही त्याचा सांभाळ करू. बाई उशीस टेकून बसल्या आणि त्यांनी उत्तर आपल्या रीतीनेच लिहिले, आधी हॅशची खूण, पुढे एक शब्द, 'नाही'. उलगड्याने त्याचा पडदाभर मथळा केला आणि तो दरबारी पोहोचला. मग बाईंनी उलगडा वापरणाऱ्या रयतेतून पाच जण बोलाविले, त्यांत गेनूजी, आणि लायब्ररीच्या किल्ल्या त्यांच्या स्वाधीन केल्या, आणि अट एकच घातली: जुने पान मोडेल ऐसा बदल कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. गेनूजी म्हणाले, "बाई, मला आज्ञावलीतलं अक्षर कळत नाही." बाई म्हणाल्या, "कळणारे चार आहेत. तुम्ही फक्त नाही म्हणायचं."

एवंच, नियम वाईट होता आणि तो पाळला गेला; दरबार मोठा होता आणि त्याचे ऐकले गेले नाही; उलगड्यावरची पाने लिहिली तैशी उभी आहेत. सगुणाबाई हिंगमिरे शके एकोणीसशे चव्वेचाळीस, माघ शुद्ध सप्तमी, शनिवारी, सकाळी वारल्या.