खलनायक मिळेना

नाटकातलं भानुदासरावांना कळत नाही असं जगात काही नव्हतं, निदान आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत तरी! कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा सांभाळून हा गृहस्थ दर गणपतीत मराठी मंडळाची एकांकिका बसवायचा. त्यामुळे लेक अस्मीला शाळेतून पाच मिनिटांचा नाट्यप्रवेश लिहायला सांगितला, तेव्हा तिच्याआधी तेच बाह्या सरसावून बसले. वर्गातून एकच प्रवेश स्टेजवर जाणार होता. तो आपलाच असावा, यापलीकडे अस्मीला दुसरं काही सुचत नव्हतं.

ड्रामाच्या यम्ना मिसनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरच्या बातम्या वाटल्या होत्या. अस्मीच्या वाट्याला आल्या अमेरिकेतल्या एक आजी. लहानपणी केवळ रंगामुळे गावच्या लायब्ररीने त्यांना उठायला सांगितलं, पण पोलीस येईपर्यंत त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. आता म्हातारपणी त्याच लायब्ररीने बोलावून त्यांना कार्ड दिलं होतं.

भानुदासरावांनी एका बैठकीत प्रवेश हाणला. इंग्लिश तेवढं तू कर, म्हणाले. मुलीला दोन वाक्यं आणि लायब्रेरियनला दीड पानांचा पश्चात्ताप! शेवटी तो रडतो, मुलगी त्याच्या पाया पडते, पडदा. मंडळाची रीतच तशी. खलनायक व्हायला कुणी तयारच होत नाही, आणि झालाच तर स्पॉन्सरचा मेव्हणा, त्याला शिव्या खायला लावायची कुणाची टाप? म्हणून दरवर्षी खलनायक सुधारतो आणि सगळ्या टाळ्या घेऊन जातो.

"बाबा, इट्स हर स्टोरी," अस्मी म्हणाली. "व्हाय वुड शी टच हिज फीट?"

"तुला स्टेज कळत नाही. यल्ला, चल, तालीम करून बघू."

लायब्ररीची खुर्ची म्हणून अस्मी बसली ती थेट टीव्हीसमोरच्या बाबांच्या खुर्चीत. त्या खुर्चीत घरातलं दुसरं कुणी बसत नसे, पाहुणेसुद्धा बिचकत. भानुदासरावांनी दीड पान रडून दाखवलं, खरं पाणी काढलं डोळ्यांतून. अस्मी ढिम्म. मॅच सुरू व्हायची वेळ झाली तरी ढिम्म.

"तालीम खलास. ऊठ आता."

"व्हाय?"

झालं! भानुदासरावांचा पारा चढला. ही माझी खुर्ची आहे, घराला काही नियम असतात, आजवर इथे कुणी बसलंय का, तुझ्यासाठी तिकडे स्टूल ठेवलंय की, असा तोंडाचा पट्टाच सुटला. शेवटी त्यांनी पोलिसांऐवजी बायकोला हाक मारली. स्वानंदी पोळ्या सोडून आली, दोघांकडे बघितलं आणि जाऊन खुर्चीच्या हातावर टेकली, लेकीच्या बाजूला. मॅच भानुदासरावांनी स्टुलावरून पाहिली.

निवड झाली ती अस्मीच्याच प्रवेशाची, बाबांना न दाखवता तिने नव्याने लिहिलेल्या. मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून भानुदासराव पहिल्या रांगेत जाऊन बसले. स्टेजवर मुलगी खुर्चीत गप्प बसलेली, आणि लायब्रेरियन झालेला वर्गातला प्रणव तिच्यावर इंग्लिशमध्ये कडाडत होता. ही खुर्ची आमची आहे, नियम म्हणजे नियम, तुझ्यासाठी स्टूल आहे. भानुदासरावांना हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठे ते आठवेना. लायब्रेरियन शेवटपर्यंत सुधारला नाही. मुलगी बसूनच राहिली आणि अख्खं सभागृह तिच्यासाठी उठून उभं राहिलं. भानुदासरावही उठून टाळ्या पिटू लागले.

यम्ना मिस माइकवर आल्या. इतका खरा आणि इतका चीड आणणारा माणूस तुला सुचला कसा, त्यांनी अस्मीला विचारलं. अस्मीने पहिल्या रांगेतल्या बाबांकडे बोट दाखवलं, तशा पुन्हा टाळ्या पडल्या.

सवय वाईट! टाळ्या ऐकताच भानुदासराव मागे वळले आणि हात जोडून वाकले. नमस्कार अर्ध्यावर असताना कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर स्वानंदीने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता: "यंदाच्या गणपतीला खलनायक मिळाला."