सात शिळ्या नानांची फत्ते

श्रीगिरिशिखरांस दंडवत करून, उणेअधिक लिहिले गेल्यास थोरांनी पदरात घ्यावे ऐशी विनंती करून, नारीनच्या डोंगरातील मोहिमेची हकीकत लिहितो. याहून लायक लेखणी मिळाली नाही, नाइलाज.

ऐशास, मोहिमेचे सरदार समस्तगिरिधुरंधर, थोरल्या बंधूंसमान कुबात बाइके, भूगोलाचे निवृत्त मास्तर. आणि रसदेची मुखत्यार परिचारिका नूरजमाल, आणि गाडीवान शेराली, आणि हा लेखक, ऐसे चौघे तंबू घेऊन कूच करते जाहले. मग तळ्याकाठी तीन दिवस मुक्काम पडला. ते कुरण मातेसमान बुरमाखान आपांचे. गतसाली कोणा टोळीने खरकटे तेथेच टाकले, आणि वासावर अस्वल आले, आणि आपांचे शिंगरू गेले. सबब आपांचा हुकूम सुटला की, मागे अन्नाचा कण राहिला तर या वाटेने पुन्हा कोणाचाच तंबू येणे नाही. बाइके तीस वर्षे याच तळ्याशी येत. दुसरे तळे त्यांस ठाऊक होते, पण मनास येत नव्हते.

मग निघण्याच्या सकाळी तंबू उतरले, आणि डबे नि साली गोणीत भरल्या, आणि शौचाचा खड्डा बुजवला, आणि बाइके मिशांवर हात फिरवणार, तो पाठपिशव्यांच्या तळाशी गनीम सापडला. सात नान! घरोघरीच्या आयाबायकांनी बांधून दिलेले, आता दगडासारखे.

"दगडावर ठेवू, बाइके. पाखरं खातील," शेराली म्हणाला.

"आणि अस्वल काय उपास धरणार आहे?" नूरजमाल कडाडली.

"मग टाक गोणीत."

"नान? कचऱ्यात? तुझ्या जिभेला काही हाड?"

"बरं, परत घरी नेऊ."

"तू ने. माझी आई म्हणेल, माझ्या हातचं गिळवेना का गं तुला?"

मग बाइक्यांनी फर्मावले की, शत्रू जागीच खाऊन गारद करावा. मग शेगडी पुन्हा पेटली, आणि चहाच्या किटल्यांचा मारा सुरू जाहला, आणि शेरालीने एकट्याने तीन नान पाडले. नूरजमालने दोन. सहावा बाइक्यांनी. सातव्यावर लेखकाच्या दाढांनी माघार घेतली, हे लपवणे बरे नव्हे. तो सर्वांनी मिळून घेतला.

इतक्यात आपा घोड्यावरून आल्या. दगड उलथले, गवत चाचपले, आणि अखेर बाइक्यांच्या दाढीकडे बोट केले.

"हा कण कुणाचा, मास्तर?"

बाइक्यांनी तो तत्काळ तोंडात टाकला.

"बरं. पुढच्या साली या," आपा म्हणाल्या. "आता घरात चला. नान न चाखता माझ्या दारावरून कुणी गेलेलं नाही."

दस्तुरास नकार नाही. तंदुरातून नुकताच निघालेला नान, वर बोटभर साय. चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि घास मोडला.

येणेप्रमाणे तळे राखले, वाट खुली राहिली, अस्वलास काही मिळाले नाही. आपांनी वाटेसाठी चार नान बांधून दिले, ते पाठपिशव्यांत दाखल जाहले. ही हकीकत खरी असे.