हद्दीवरचं वीतभर गवत

एका जंगलात, बाळांनो, दोन वाड्या होत्या. एक खालची, एक वरची. मधे भिंत नाही, कुंपण नाही. कोंबडी दाणे टिपता टिपता इकडून तिकडे जायची आणि तिला पत्ताही लागायचा नाही.

खालच्या वाडीचा सरपंच कोल्हा. त्यानं नियम केला, "पाण्याचा तोटा आहे. सगळ्यांनी अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरावं. खरं गवत दिसलं, की बीळ बुजवू."

वरच्या वाडीचा सरपंच लांडगा. त्यानंही नियम केला, "प्लास्टिकनं उन्हात पाय भाजतात. अंगणात खरं गवतच हवं. प्लास्टिक दिसलं, की बीळ बुजवू. आणि हो, गवत शोभेचं आहे. कुणी खायचं नाही."

दोघांनी जन्मात गवताला तोंड लावलं नव्हतं. म्हणून दोघांना गवतातलं फार कळत होतं.

आता लिंबाजी नावाचा एक ससा होता. गरीब बिचारा, त्याचं बीळ नेमकं हद्दीवर. त्यानं निम्म्या अंगणात प्लास्टिक अंथरलं, निम्म्यात हरळी लावली. पण हद्द मोजताना दोन्ही वाड्यांनी अर्धी अर्धी वीत जास्तच मोजली होती. मधला वीतभर पट्टा दोघांचाही निघाला. तिथं काय लावायचं?

लिंबाजी कोल्ह्याकडे गेला. "सरपंच, तुम्ही दोघं एकदा बसून घ्या की. एवढा पट्टा कुणाचा, ते ठरवून टाका."

"वरच्या वाडीशी आम्ही बोलत नाही," कोल्हा म्हणाला. "सोमवारी तपासणीला येतो."

मग तो लांडग्याकडे गेला.

"खालची वाडी? कुठं आली ती?" लांडगा म्हणाला. "मंगळवारी येतो."

घरी लिंबाजीची बायको सोनाबाई पोट धरून बसलेली. "अहो, माझे दिवस भरलेत. बीळ बुजवलं तर पिल्लं काय दगडावर घालू?"

"बघू. आधी दोन घास खाऊन घे."

"काय खाऊ? इकडचं चावत नाही, तिकडचं चावू देत नाहीत."

लिंबाजी उठला आणि त्या पट्ट्यातही हरळीच लावून आला.

सोमवारी कोल्हा आला. त्यानं पट्ट्याचा वास घेतला. पंजानं दाबून पाहिलं. मग हळूच विचारलं, "लिंबाजी, हे खरं की प्लास्टिक?"

लिंबाजी त्याच्याकडे बघतच राहिला. ह्याला खरंच कळत नाही की!

"बघून थोडंच कळतं, सरपंच? चाखावं लागतं."

"मग चाख."

लिंबाजीनं एक घास घेतला. सावकाश चावला. तोंड वाकडं केलं. "प्लास्टिक. तेही चिवट." आणि दुसरा घास घेतला.

"मग परत कशाला खातोस?"

"खात्री करून घेतो."

मंगळवारी लांडगा आला. त्याचंही तेच झालं. लिंबाजीनं घास घेतला आणि डोळे मिटले. "अस्सल आहे, साहेब."

"नक्की?"

"एकाच्या सांगण्यावर जाऊ नका. सोने, ये गं, तूही चाख."

सोनाबाईनं इतकं नीट चाखलं, की लांडग्याला तिला थांबवावं लागलं.

बीळ वाचलं. बुधवारी सोनाबाईला पाच पिल्लं झाली. आणि गुरुवारी दोन्ही वाड्यांनी, एकमेकींना न सांगता, लिंबाजीला गवतपारखी नेमलं.

आता तो रोज दोन्हीकडची अंगणं तपासतो. पिल्लंही हाताखाली काम शिकतात. गवत खायला बाकी सगळ्यांना बंदी आहे. लिंबाजीला मात्र ते खावंच लागतं. सरकारी काम आहे.

परवा वरच्या वाडीतली एक शेळी, बरगड्या निघालेली, आपल्या हिरव्यागार अंगणात उभी राहून म्हणाली, "काय लिंबाजीभाऊ, पोट सुटलं की!"

"काय करू ताई," घास गिळत लिंबाजी म्हणाला, "कामाचा ताण."

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरंच बोलावं. फक्त कोणतं खरं बोलायचं, ते समोरचा कुठल्या वाडीचा आहे हे विचारून ठरवावं.