बाळाचार्यांच्या आवारातले पांढरे झेंडे

शेजारच्या मुकुंदराव वकिलांनी फाटकाबाहेरूनच निर्वाणीचे सांगितले, "आचार्य, तुमचा करिया माझ्या सोवळ्याच्या धोतराला पुन्हा शिवला. महिन्यातली चौथी खेप. महिनाअखेरपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर महापालिकेची गाडी बोलावतो बघा."

संस्कृतचे निवृत्त शिक्षक बाळाचार्य फाटक लावून घरात आले. पाच वर्षे दाराशी वाढलेला तो काळा कुत्रा पिंजऱ्याच्या गाडीत बसलेला डोळ्यांपुढे आला आणि त्यांना दुपारचे जेवण गेले नाही.

त्यांनी अमेरिकेत फोन केला. पंधरवड्याने चिरंजीव श्रीकांत धारवाडला आला तो एक पेटी घेऊनच. त्याने आवाराच्या कडेने तार पुरली, तिच्यावर वीतभर उंचीचे पांढरे झेंडे रोवले आणि वडिलांपुढे एक पट्टा ठेवला.

"अप्पा, हा घालून करिया तारेजवळ गेला की गळ्याला बारीक झटका बसतो. मग तो पलीकडे जात नाही."

"डोळ्यांना दिसत नाही ते कुंपण कसलं? पट्टा चामड्याचा आहे?"

"नायलॉनचा."

"आणि झटका?"

"पुस्तकात सौम्य लिहिलंय."

"ते विकणाऱ्यानं लिहिलंय. ज्याला बसतो त्याला कुणी विचारलं?"

श्रीकांत हसत हसत सासुरवाडीला, बेंगळुरूला निघून गेला. बाळाचार्यांचा संशय मात्र घरातच राहिला. स्वतः अनुभव घेतल्यावाचून तो पट्टा मुक्या जिवाच्या गळ्यात घालायचा नाही, असे त्यांनी ठरविले. कुत्र्याने वापरलेली वस्तू सोवळ्यात चालणार नाही, म्हणून प्रयोग आधीच उरकायला हवा होता. आणि स्नानापूर्वी नव्या कामाला हात घालण्याची त्यांची रीत नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, विहिरीवर स्नान करून, ओलेत्यानेच त्यांनी पट्टा मनगटाला बांधला आणि नामस्मरण करीत ते झेंड्यांकडे निघाले.

चौथ्या पावलाला हात खांद्यापर्यंत झिणझिणला. नारायणाचे नाव त्यांच्या तोंडून इतक्या मोठ्याने निघाले की आवारातल्या जास्वंदीमागे काहीतरी धपकन पडले.

ती फुलांची परडी होती. परडीमागे मुकुंदराव होते. आणि मुकुंदरावांच्या पायाशी करिया शांतपणे बिस्कीट खात होता.

"आचार्य, तारेत करंट सोडलाय की काय?" मुकुंदराव जागचे हलले नाहीत. "आधी बंद करा की री. पूजेची वेळ झाली."

बाळाचार्यांनी पट्टा सोडवून ओल्या पंच्याखाली झाकला. "आत कसे आलात?"

"रोजच येतो. देवाला चार फुलं."

"आणि बिस्कीट?"

"तो भुंकू नये म्हणून."

"मग दुसरं बिस्कीट मागायला तो तुमच्या मागोमाग जातो आणि तुमच्या धोतराला शिवतो."

तेवढ्यात करिया झेंडे ओलांडून वकिलांच्या दारात जाऊन बसला. मुकुंदरावांनी थक्क होऊन पाहिले.

"त्याला नाही लागत?"

"त्यानं चोरी केलेली नाही," बाळाचार्य गंभीरपणे म्हणाले. "गाडीचं काय ठरलं?"

"कसली गाडी, आचार्य."

बाळाचार्य आत गेले, पत्नी अंबूताईंकडून चहा घेतला, तो सावकाश प्याले आणि मग बाहेर येऊन म्हणाले, "जा आता."

आठवड्याने श्रीकांत परतला. "अप्पा, शिकला का?"

"पहिल्याच दिवशी. आता झेंड्यापाशी उभं राहून हाक मारतात, मी हो म्हटल्यावरच आत येतात."

"कोण?"

"मुकुंदराव. तू करियाचं विचारतोस होय? त्याला अजून पट्टा घातलाच नाही."