खडू झिजला, एकवीस तुकडे झाले

निवृत्ती सरांचं आत्मचरित्र कुणाच्याच मोबाईलमध्ये मावेना. 'खडू झिजला, मी नाही' हे त्याचं नाव. सिडकोतल्या घराच्या गॅलरीत बसून, मोबाईलपुढे बोलून बोलून, सरांनी ते चार वर्षांत पुरं केलं होतं आणि आतून ते ऐकून ऐकून त्यांच्या बायकोचे, शकुबाईंचे, कान किटले होते. पंच्याहत्तरीला प्रकाशन, अध्यक्ष धाकटा भाऊ देवराम, असं सगळं ठरलं होतं. त्याआधी नातेवाइकांनी चुका काढाव्यात म्हणून सरांनी फाइल सगळ्यांना पाठवली. ती उघडताना मालेगावच्या नवनाथ मेहुण्यांचा फोन जो बंद पडला, तो दुकानात न्यावा लागला.

सर हार मानणाऱ्यांतले नव्हतेच, हेच तर घरच्यांचं दुखणं होतं. त्यांनी कुठूनसा एक फुकटचा प्रोग्रॅम शोधला. त्यात मोठी फाइल टाकायची, तुकडा केवढा हवा ते सांगायचं आणि बटण दाबायचं.

"शकू, एका बटणात एकवीस तुकडे! वीस अगदी सारखे. एकविसावा किरकोळ, उरलासुरला."

"पण कुठे कापतोय ते बघतो का तो?"

"तो कॉम्प्युटर आहे. अक्षरं मोजतो आणि कापतो."

"मी वड्यासुद्धा बघून पाडते हो."

"म्हणूनच तुझ्या वड्या लहानमोठ्या होतात," असं म्हणून सरांनी ताटलीतली सर्वांत मोठी वडी उचलली.

शहाण्या माणसाने सगळे तुकडे सगळ्यांना पाठवले असते. पण सर पडले एकतीस वर्षं हेडमास्तर आणि तेवढीच वर्षं बोर्डाचे परीक्षक. पेपरांचे गठ्ठे वाटावेत तसे त्यांनी चिठ्ठ्या टाकून वीस नातेवाइकांना वीस तुकडे वाटले आणि वर हुकूम सोडला, "ज्याचा गठ्ठा त्याने तपासायचा. दुसऱ्याच्या गठ्ठ्यात डोकावायचं नाही." किरकोळ एकविसावा कुणालाच दिला नाही.

तिसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचा, गोजराआक्कांचा फोन आला. त्यांचा तुकडा संपला होता तो असा, 'गोजराआक्काने मला लहानपणी विहिरीत ढकलून'. बस्स, पुढे काही नाही.

"मेल्या, मी तुला ढकललं? कडेवर घेऊन वाढवला तुला!"

"आक्का, पुढचं वाक्य लहानूकडे आहे."

"मग लहानूलाच सांग राखी बांधायला!"

पुतण्या लहानूचा तुकडा सुरू होत होता, 'द्यायला निघालेल्या रेड्याला एकटीने हाकललं.' त्याचाही फोन आला. "काका, हा रेडा म्हणजे मी का?"

इथवर शकुबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग दिंडोरीहून देवरामचा फोन आला आणि त्यांचं हसू पळालं. त्याच्या आठव्या तुकड्याची पहिलीच ओळ होती, 'देवरामने भर दुपारी पाटाचं दार मोडून सगळं पाणी आपल्या बागेत घेतलं.' तिथून पुढे सर लगेच शाळेच्या नव्या घंटेवर घसरले होते.

नेमक्या याच पाण्यावरून दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शकुबाई आणि त्यांची धाकटी जाऊ कुसाबाई, दोघींनी नवऱ्यांच्या विनवण्या करून करून गेल्या दिवाळीत कसंबसं जुळवून आणलं होतं. अकरा वर्षं या जावा फक्त लग्नात नाहीतर दहाव्याला भेटायच्या. यंदाच्या नवरात्रात दोघींनी मिळून वणीच्या गडावर जायचं ठरवलं होतं. कुसाबाईने तर पिशवीही भरून ठेवली होती.

"दादा, मी चोर हाय का?" देवराम फोनवर ओरडत होता.

"संदर्भ बघ, देवराम. मागचा भाग नवनाथकडे आहे."

"मंग नवनाथलाच कर अध्यक्ष! आन् आमची कुसा कुठं जाणार नाय. तुमचा आमचा संबंध संपला!"

शकुबाई सरांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "अहो, सातवा तुकडा पाठवून द्या ना भावजींना. एका बोटाचं काम आहे."

"नियम म्हणजे नियम. आणि थोरल्याने आपणहून फोन करायचा? त्याने माफी मागावी." एवढं बोलून थोरले अंघोळीला गेले.

शकुबाईंना असा संताप आला की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचा मोबाईल उघडला. सातव्या तुकड्याची शेवटची ओळ होती, 'गावातले रिकामटेकडे वाटेल ते उठवतात. म्हणे,'. एवढ्याशा 'म्हणे'साठी दोन घरं मोडत होती! मग हातासरशी त्यांनी विसाव्याचा शेवटही बघितला. 'आता राहता राहिली ती माझी पत्नी शकुबाई. तिच्याबद्दल'. त्यांनी घाईघाईने तो किरकोळ एकविसावा उघडला. 'पुन्हा कधीतरी. समाप्त.'

न्हाणीघरात सर नळाखाली गुणगुणत होते. शकुबाईंनी शांतपणे कागद-पेन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने त्या दिंडोरीला पोचल्या. देवरामने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "वहिनी, तुमचं खरं असंल. पण मला दादाच्या तोंडून ऐकायचंय."

"ऐकाल की. ही चिठ्ठी ठेवा जवळ," शकुबाई म्हणाल्या आणि कुसाबाईजवळ जाऊन बसल्या.

साडेआठला फोन वाजला. देवरामने तो स्पीकरवर टाकला.

"देवराम, शकू गडावर जाते म्हणून चिठ्ठी ठेवून गेलीये. 'भाजी फ्रीजमध्ये, पोळ्या डब्यात. चहा-साखरेचे डबे मी', एवढंच लिहिलंय! खाली काय, तर पुढचा तुकडा देवरामभावजींकडे. सगळी कपाटं उपसली रे मी. धने सापडले, हिंग सापडला, गेल्या वर्षीचे तीळ सापडले. अजून चहा नाही!"

"हाय ना माझ्याकडं. पण आधी तुझा सातवा भाग काढ. शेवटची ओळ वाच, मोठ्यानं."

फोनवर बराच वेळ खुडबुड झाली. मग हेडमास्तरांचा आवाज निम्म्यावर आला. "गावातले रिकामटेकडे वाटेल ते उठवतात. म्हणे..."

"देवरामनं भर दुपारी पाटाचं दार मोडून सगळं पाणी आपल्या बागेत घेतलं," देवरामने आपला तुकडा जोडला. "मंग दादा, मी फोन केला त्याच दिवशी हे सांगायला तुला काय झालं होतं?"

"चुकलं माझं," सर पुटपुटले. ही ओळ त्यांच्या एकवीस तुकड्यांत कुठेच नव्हती. कुसाबाईने जावेचा हात घट्ट दाबला आणि आतून पिशवी आणायला उठली.

"आता चहाचं सांगतोस का?"

देवरामने चिठ्ठी उलगडली. "'कुठेही हलवलेले नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षं असतात तिथेच, गॅसशेजारी आहेत.'"

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं.

"बरं, ती परत कधी येणार आहे?"

देवरामने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पायांत चपला सरकवत होत्या.

"ते काय माझ्या चिठ्ठीत नाय, दादा," तो म्हणाला. "ज्याचा गठ्ठा त्यानं तपासायचा."